स्विमिंग पूलची एएमसी देताय? आधी हे बिल वाचा

कर्जतकडच्या एका बंगल्यातला पूल. आठ मीटर लांब, चार मीटर रुंद, सरासरी सव्वा मीटर खोल, म्हणजे 40 हजार लिटर पाणी. मालक मुंबईत, बंगला शनिवार-रविवारी भाड्याने जातो, पूल एका ठेकेदाराच्या वार्षिक देखभाल करारावर (एएमसी). वर्षभर पाणी निळंशार. मग ऐन मे महिन्यात ते दोन दिवसांत हिरवं पडलं आणि बिल आलं: शॉक ट्रीटमेंट (एकदम भरपूर क्लोरीन टाकणं), चार टँकर, फिल्टरची नवी वाळू, मोटर रिवायंडिंग (आतली तार नव्याने गुंडाळणं). त्यातली जवळपास प्रत्येक ओळ ठेकेदाराने स्वतःच उभी केलेली होती.

सुरुवात क्लोरीनपासून. करारात ‘केमिकल आमचं’ एवढंच लिहिलेलं, कोणतं ते नाही. ठेकेदाराचा माणूस आठवड्यातून एकदा येऊन तरंगत्या डब्यात टीसीसीएच्या (हळू विरघळणारं, गोळीतलं क्लोरीन) 200 ग्रॅमच्या तीन गोळ्या टाकून जायचा. गोळी वाईट नाही, पण ती विरघळली की वजनाच्या निम्म्याहून जास्त सायन्युरिक ॲसिड पाण्यात उतरतं. 40 हजार लिटरला एका गोळीतून साधारण साडेचार पीपीएम (लिटरला मिलिग्रॅम) क्लोरीन मिळतं आणि पावणेतीन पीपीएम सायन्युरिक मागे राहतं. क्लोरीन खर्च होतं, सायन्युरिक साठतच जातं. आठवड्याला तीन गोळ्या म्हणजे महिन्याला 35 पीपीएम. बॅकवॉशला (उलट्या प्रवाहाने फिल्टर धुताना) आणि पावसात वाहून जाईल तेवढंच कमी.

उन्हात क्लोरीन टिकावं म्हणून 30 ते 50 पीपीएम सायन्युरिक हवंच. शंभरच्या पुढे गेलं की ते क्लोरीनला धरून ठेवतं, काम करू देत नाही. मोकळं क्लोरीन सायन्युरिकच्या किमान साडेसात टक्के असावं असा व्यवहारातला हिशेब आहे. 200 पीपीएमला 15 पीपीएम क्लोरीन लागणार, आणि इथे तर तीनच. शेवाळ येणारच होतं. सायन्युरिक उतरवायला पाणी बदलणं हाच खात्रीचा उपाय, म्हणून टँकर. टँकरही ठेकेदाराच्याच ओळखीचे. 200 वरून 100 वर यायला निम्मं पाणी, म्हणजे 10 हजार लिटरचे दोन टँकर पुरतात आणि पुढे गोळ्या बंद करून साधं हायपो (हायपोक्लोराइट, सायन्युरिक नसलेलं क्लोरीन) वापरायचं. चार टँकर का, हा प्रश्न कुणी विचारला नाही.

मग इतके दिवस पाणी निळं कसं राहिलं? मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट. 100 ग्रॅम मोरचूद टाकलं की या पूलमध्ये साधारण 0.6 पीपीएम तांबं होतं. शेवाळ दबतं, पाण्याला छान निळी झाक येते. जंतू मारायला लागणारं क्लोरीन मात्र कामाचं उरलेलंच नसतं. पोरांच्या कानदुखीचा संबंध मग कुणी निळ्या पाण्याशी लावत नाही. पायऱ्यांवर, टाइल्सच्या सांध्यांत हिरवट-करडे डाग दिसले, गोऱ्या पाहुण्यांचे केस हिरवट झाले, की तांब्याची टेस्ट स्ट्रिप बुडवून पाहा.

तपासणीतली हातचलाखी समजून घ्या. ठेकेदाराचा माणूस दाखवतो ती पिवळा रंग येणारी ओटीओ टेस्ट. ती एकूण क्लोरीन मोजते. घामा-लघवीशी जुळून निकामी झालेलं क्लोरीनही त्यात पिवळंच दिसतं. डीपीडीच्या गोळ्या मागा. एक नंबरची गोळी मोकळं क्लोरीन गुलाबी रंगात दाखवते, त्यातच तीन नंबरची टाकली की एकूण. दुसऱ्या वेळी गुलाबी ठळक गडद झालं, तर क्लोरीन आहे पण निकामी. पूलला येणारा उग्र ‘क्लोरीनचा वास’ बहुतेक वेळा याचाच असतो, जास्त क्लोरीनचा नव्हे. उलटही होतं: क्लोरीन फार चढलं असेल तर डीपीडीचा रंग उडतो आणि कुपी रंगहीन दिसते. ‘साहेब, क्लोरीन शून्य आहे’ म्हणत तो अजून एक डबा ओततो. अशा वेळी एक भाग पूलचं आणि चार भाग बाटलीचं पाणी मिसळून पुन्हा टेस्ट करा, आकड्याला पाचने गुणा.

बिलात महिन्याला दोन कॅन ॲसिडही होतं. टीसीसीए स्वतःच आम्लधर्मी, पीएच खाली ओढते. नवं प्लास्टर, सतत चालणारा धबधबा किंवा बोअरचं जड पाणी नसेल, तर गोळ्या वापरणाऱ्या पूलला ॲसिड क्वचितच लागतं. लागतो तो खाण्याचा सोडा: अल्कलिनिटी (पीएच स्थिर ठेवणारी पाण्याची ताकद) 10 पीपीएम वाढवायला इथे साधारण पावणेसातशे ग्रॅम. पीएच 7.2 ते 7.6 आणि अल्कलिनिटी 80 ते 120 असताना ॲसिडचे कॅन संपत असतील, तर ते कुठल्या तरी दुसऱ्याच बाथरूमच्या फरश्या धूत आहेत.

हायपोच्या ड्रममध्ये ब्लीचिंग पावडर भरणं हा जुनाच धंदा. कॅल्शियम हायपोत 65 ते 70 टक्के क्लोरीन, ब्लीचिंगमध्ये फार तर 30 ते 35. एक चमचा ग्लासभर पाण्यात ढवळून अर्धा तास ठेवा. हायपोचाही थोडा गाळ बसतो, पण तळाशी चुन्याचा जाड थर बसला तर समजा. ज्या चमच्याने टीसीसीए काढली तो हायपोत घालू नका, ओला-कोरडा कसलाही. दोन्ही एकत्र आले की पेट घेऊ शकतात.

वाळूची गोष्ट सोपी. चांगली सिलिका वाळू पाच-सात वर्षं चालते. 500 मिलीमीटर व्यासाच्या फिल्टरला साधारण 85 किलो लागते, तेव्हा पोती समोर मोजा. नदीची वाळू घेऊच नका. इथे वाळू खराब नव्हतीच. मल्टिपोर्ट व्हॉल्व्हचा (फिल्टरवरचा, पाण्याची वाट बदलणारा) दांडा महिनोन्महिने ‘रिसर्क्युलेट’वर होता. पाणी फिरतं, पण फिल्टरमधून जातच नाही, त्यामुळे दाब वाढत नाही आणि बॅकवॉशची कटकट वाचते. प्रेशर गेजचा काटा तुटलेला, तोही सोयीचाच. स्वच्छ फिल्टरचा दाब टाकीवर मार्करने लिहा. त्यावर आठ-दहा पीएसआय चढला की बॅकवॉश. दांडा फिरवताना पंप बंद, नाहीतर आतलं गॅस्केट फाटतं.

मोटर नुसती गुणगुणते, फिरत नाही? लाइट मेनमधून बंद करून मोटरच्या मागच्या पंख्याकडून शाफ्ट हाताने फिरवा. मोकळा फिरला तर पहिला संशय कपॅसिटरवर, आणि तो काहीशे रुपयांचा असतो. जाम असेल तर बेअरिंग. वाइंडिंग जळलं असेल तर मोटर उघडल्यावर काळी पडलेली तार आणि जळका वास लपत नाही. रिवायंडिंगचे पैसे मोजायचे असतील, तर काढलेली जुनी तांब्याची तार परत मागा. ती भंगारातही किलोच्या भावाने जाते, आणि जिथे रिवायंडिंग झालेलंच नाही तिथे ती दाखवता येत नाही.