कोचला नारळ द्यायचा की हंगाम काढायचा?

मागच्या रविवारी बांद्र्याला नेव्हिल डिसूझा मैदानाच्या जाळीला टेकून फुटबॉलचा सामना बघत होतो. शेजारी एका ओळखीच्या क्लबचा सेक्रेटरी. त्याची टीम सात सामन्यांत एक जिंकलेली, दोन बरोबरीत, बाकीच्यांचं न विचारलेलं बरं. हाफटाइमला त्याने हातात कटिंग दिला आणि म्हणाला, “दादा, कोचला नारळ देऊ का? कमिटीतले चौघं म्हणतायत, आजच द्या.” चहा पिऊन सांगतो म्हटलं. चहा संपला, सामनाही संपला, दोन-शून्यने हरले, आणि मी काही न सांगताच ट्रेन पकडली. त्याला द्यायचं उत्तर इथे लिहितोय, कारण हंगामाच्या मध्यावर हा प्रश्न पडलेला तो काही एकटा नाही.

आधी एक शब्दाचा घोळ. इंग्लंडमध्ये ज्याला मॅनेजर म्हणतात तो आपला कोच. आपल्याकडे टीमचा मॅनेजर म्हणजे पोरांची आयकार्डं, बर्फाची पेटी आणि ग्लुकोजचा डबा सांभाळणारा माणूस. तो बदलला तर पॉइंट टेबलवर काही होत नाही, फक्त बर्फ उशिरा येतो.

उसळी खरी, पण कोणाची?

कोच बदलला की टीम जिंकायला लागते. हे खरं आहे, आणि फसगतही तिथेच होते. कोचला काढायची वेळ येते कधी? टीम अगदी तळाला गेल्यावर. तिथून खाली जायला जागाच नसते. बारला लागून बाहेर जाणारे बॉल कधीतरी आत पडायला लागतात, पाय मुरगळलेला स्टॉपर, म्हणजे बचावातला मधला खेळाडू, परत येतो, वरच्या टीमांशी ओळीने आलेले सामने संपून आपल्या तोडीच्या टीमा समोर येतात. सर्दी औषधाने सात दिवसांत बरी होते आणि औषधाशिवाय आठवड्यात, त्यातला प्रकार. डच अर्थतज्ज्ञ बास टेर वील यांनी नेदरलँड्सच्या वरच्या लीगमधले १९८६ ते २००४ पर्यंतचे कोचबदल तपासले होते. कोच काढल्यावर निकाल सुधारत होते. पण तितकीच घसरगुंडी होऊनही ज्या क्लबांनी कोच ठेवला, त्यांचेही निकाल तसेच सुधारत होते.

उसळी किती टिकते याचं सगळ्यात बोलकं उदाहरण माझ्या मते बर्नली या इंग्लिश क्लबचं. एप्रिल २०२२ मध्ये आठ सामने उरलेले असताना त्यांनी शॉन डाइशला काढलं. जवळपास दहा वर्षं तो तिथे होता. क्लबमधल्याच माइक जॅक्सनने सूत्रं घेतली आणि पहिल्या चार सामन्यांत १० पॉइंट आले. त्या आठवड्यांत मालकांना अंगावर मूठभर मांस चढल्यासारखं वाटलं असणार. पुढच्या चार सामन्यांत मिळून एक पॉइंट, आणि टीम खालच्या डिव्हिजनमध्ये. म्हणजे कमिटीत कोणी “बघा, लगेच फरक पडला” म्हणालं, तर आठव्या सामन्यापर्यंत थांबा.

मँचेस्टर युनायटेडने डिसेंबर २०१८ मध्ये जोझे मोरिन्यो यांना काढलं तेव्हा टीम सहाव्या क्रमांकावर होती. ओले गुनार सोल्शायर आला, पहिले आठही सामने जिंकला, मार्चमध्ये त्याला कायम केलं. हंगाम संपला तेव्हा टीम सहाव्याच क्रमांकावर.

बदल लागू पडतो तेव्हा

तरीही सगळे बदल वाया जात नाहीत. २०१७ मध्ये क्रिस्टल पॅलेसने फ्रँक डी बोअरला लीगच्या चार सामन्यांनंतरच काढलं. चारही हार, एकही गोल नाही. रॉय हॉजसन आला आणि पुढचे तीन सामनेही हरला, तेही एकही गोल न करता. सात हारी, शून्य गोल. मग चेल्सीला २-१ ने हरवलं आणि हंगामाच्या शेवटी पॅलेस चक्क ११ व्या स्थानावर. हॉजसनने काय केलं? मागे तिघांना ठेवायचा डी बोअरचा डाव सोडून जुना चार बॅकचा डाव परत आणला. पोरांना जे येत होतं तेच त्यांना करू दिलं. मात्र श्रेय वाटताना एक गोष्ट विसरायची नाही: विलफ्रेड झाहा पहिल्याच सामन्यात गुडघा दुखावून बसला होता आणि तो परत आला नेमका त्या चेल्सीच्या सामन्यात. गोलही त्याने केला. डी बोअरला तो गुडघा बरा होईपर्यंत ठेवला असता तर? माझा अंदाज, पॅलेस तरी वाचली असती. पण ११ वी आली नसती.

आपल्याकडचं उदाहरण मोहन बागानचं, आणि त्यात मुंबई सिटी दोनदा येते. डिसेंबर २०२१ मध्ये मुंबईने त्यांना ५-१ ने धुतलं. त्याच महिन्यात आंतोनियो हाबास गेले आणि हुआन फेरांडो आले. फेरांडोंनी २०२२-२३ चा आयएसएल (इंडियन सुपर लीग) करंडक जिंकून दिला. डिसेंबर २०२३ मध्ये मुंबई, गोवा, केरळ अशा लागोपाठ तीन हारी झाल्या आणि जानेवारी २०२४ मध्ये फेरांडो बाहेर. जागेवर कोण? हाबासच. एप्रिलमध्ये शेवटच्या लीग सामन्यात मुंबईला २-१ ने हरवून त्यांनी शील्ड, म्हणजे लीगमध्ये पहिलं येणाऱ्याचं बक्षीस, नेलं. मे महिन्यात त्याच सॉल्ट लेक स्टेडियममध्ये करंडकाची फायनल मुंबईने ३-१ ने जिंकली, आणि मुंबईचाही कोच त्या हंगामाच्या मध्यातच बदललेला होता. डेस बकिंगहॅम नोव्हेंबरमध्ये इंग्लंडला ऑक्सफर्ड युनायटेडकडे गेले होते, त्यांच्या जागी पेट्र क्रॅटकी आले.

या दोन्ही बदलांत सारखं काय होतं ते बघा. हाबास त्या हंगामात आधीपासून क्लबमध्येच होते, तांत्रिक संचालक म्हणून. क्रॅटकी मुंबईच्याच मालक गटाच्या मेलबर्न सिटीत सहायक होते, त्यामुळे खेळायची पद्धत तीच राहिली. माणूस बदलला, शाळा तीच. बाहेरचा माणूस चालतच नाही असं नाही. तोच डाइश जानेवारी २०२३ मध्ये एव्हर्टनला आला आणि शेवटच्या दिवशी एका गोलने टीम वाचवली. पण तो काय करणार हे सगळ्यांना आधीच माहीत होतं: मागे घट्ट बसणार, कॉर्नरवर उंच पोरं पाठवणार. त्यासाठी कोणाला नव्याने काही शिकावं लागत नाही. लीड्सने त्याच मोसमात शेवटच्या चार सामन्यांसाठी सॅम अॅलरडाइस यांना बोलावलं. चारांत एक पॉइंट, आणि टीम खाली.

ठेवायचा तर कशाच्या जोरावर

कोचला ठेवा म्हणणारा प्रत्येक जण मीटिंगमध्ये अॅलेक्स फर्ग्युसनचं नाव काढतोच. मँचेस्टर युनायटेडला १९८६ मध्ये आले, पहिला करंडक १९९० मध्ये, मग काय ते सगळं. मला हे उदाहरण फारसं पटत नाही. फर्ग्युसन युनायटेडला आले ते १९८३ मध्ये अॅबरडीनला घेऊन युरोपातल्या फायनलमध्ये रेआल माद्रिदला हरवून आलेले होते. त्यांच्या मालकांनी नुसता धीर धरला नव्हता, हातात पुरावा होता. आपल्या कोचच्या नावावर तसं काय आहे ते आधी सांगा, मग धीराच्या गोष्टी.

त्यापेक्षा साउदॅम्प्टनचं बघा. ऑक्टोबर २०१९ मध्ये घरच्या मैदानावर लेस्टरकडून ०-९. राल्फ हाझनह्युटलला दुसऱ्या दिवशी काढलं असतं तर कोणी बोट ठेवलं नसतं. त्यांनी ठेवला आणि हंगाम ११ व्या स्थानावर संपला. शेवटी त्याला काढलं नोव्हेंबर २०२२ मध्ये. मग त्याच हंगामात आधी एक आणि मग दुसरा असे दोघे आले आणि टीम तळाला जाऊन खाली उतरली. एका सामन्यात नऊ गोल खाणं ही दुर्घटना असते. दर आठवड्याला कॉर्नरच्या दुसऱ्या खांबाशी एकाच प्रकारचा गोल खाणं ही सवय असते, आणि सवयीचा जबाब कोचलाच द्यावा लागतो.

या सगळ्यात मला सगळ्यात जवळचं वाटतं ते खालिद जमील यांचं, कारण ते कूपरेजवर डोळ्यांसमोर घडलं. मुंबई एफसीला त्यांनी २००९ पासून सात वर्षं सांभाळलं. पैसा बेताचा, नावाजलेली पोरं कमी, खेळ बघायला कधी कधी कंटाळवाणा, पण आय-लीगमध्ये, म्हणजे तेव्हाच्या देशातल्या वरच्या लीगमध्ये, टीम टिकून राहायची. दर वर्षी प्रेक्षकांत कोणीतरी म्हणायचं, आता नवं काहीतरी हवं. २०१६ मध्ये ते गेले. २०१६-१७ मध्ये मुंबई एफसीने आधी एक कोच आणला, मग मध्यातच दुसरा, आणि तळाला जाऊन खाली उतरली. त्याच हंगामात जमीलनी आयझॉलला आय-लीगचं विजेतेपद मिळवून दिलं. ऑगस्ट २०२५ मध्ये ते भारताच्या राष्ट्रीय संघाचे कोच झाले.

पण हीच गोष्ट उलट्या बाजूनेही सांगता येते. जानेवारी २०२१ मध्ये नॉर्थईस्ट युनायटेडने हंगामाच्या मध्यात कोच काढला आणि टीम जमील यांच्या हाती दिली. उरलेल्या नऊ लीग सामन्यांत टीम एकदाही हरली नाही, तिसऱ्या क्रमांकावर आली, सेमीफायनलला पोचली. तिथेही ते आधीपासून सहायक होते. कोण किती थकलाय, कोणाचं कोणाशी जमत नाही, हे सांगायला त्यांना कोणाची गरज नव्हती.

म्हणून कमिटीसमोरचा प्रश्न “हा नको का?” असा ठेवूच नका. “हा की तो?” असा ठेवा, आणि तो म्हणजे नावागावासकट. हीच पोरं आणि उरलेले इतके सामने घेऊन तो माणूस सोमवारी सकाळी काय वेगळं करणार, हे त्याच्याच तोंडून ऐका. “शिस्त लावतो” एवढंच उत्तर आलं तर आहे तो बरा.

आमची वही

दोन हंगामांपूर्वी आमच्या क्लबने कोच बदलला होता. ठराव मांडताना मी मोठ्या आवाजात बोललो होतो, म्हणून हे सांगायचा हक्क आहे. आमच्याकडे सरावाच्या हजेरीची एक लांबट वही आहे, पुठ्ठा सुटलेला, रबर लावून ठेवलेली. मॅनेजरकाका त्यात रोज नावं लिहितात, उशिरा येणाऱ्यापुढे मिनिटं. ऑक्टोबरच्या पानांवर बावीस-तेवीस नावं. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात तेरा. ती पानं मी मीटिंगमध्ये फिरवली आणि म्हटलं, पोरांचा सरांवरचा विश्वास उडालाय. सगळ्यांनी माना डोलावल्या. मॅनेजरकाका तेव्हा बाहेर पोरांच्या वड्यांचे पैसे चुकते करत होते. त्यांना कोणी विचारलंच नाही.

विचारलं असतं तर कळलं असतं की सहा पोरांच्या कॉलेजच्या परीक्षा होत्या आणि दोघांची कामावरची पाळी बदलली होती. जे तेरा येत होते त्यांच्या नावापुढे एकही मिनिट लिहिलेलं नव्हतं. साडेसहाच्या सरावाला सगळे वेळेवर. जानेवारीत नवे सर आले, परीक्षा संपल्या, बावीस पोरं परत आली आणि आम्ही पहिले दोन सामने जिंकलो. मी दोन पेढ्यांचे बॉक्स आणले होते. त्यानंतर जुन्या सरांनी आपल्या वस्तीतून आणलेली चार पोरं, त्यात दोन्ही स्टॉपर, हळूहळू यायची बंद झाली. हंगामाच्या मध्यात नवी पोरं कुठून आणणार? एप्रिलमध्ये आम्ही डिव्हिजन उतरलो.

मोठ्या क्लबांच्या उदाहरणांत हा खर्च दिसत नाही. तिथे कोच गेला तरी करार केलेला खेळाडू जागेवरच राहतो, काढलेल्या माणसाला पैसे देऊन मोकळं होता येतं. आपल्याकडे मानधन बुडण्याची भीती नसते, पण अर्धी टीम कोचच्या शब्दावर आलेली असते. नारळ एकाला देता, जातात पाच.

वही फिरवण्याआधी बघायच्या आणखी एक-दोन गोष्टी. गोल कधी बसतायत? शेवटच्या वीस मिनिटांत बसत असतील तर तो दमाचा प्रश्न आहे, आणि मध्यातून आलेला नवा कोच चार आठवड्यांत दम भरून देऊ शकत नाही. कुरकुर कोण करतंय? बेंचवरचा पोरगा करणारच, तो त्याचा धर्म आहे. रोज नव्वद मिनिटं खेळणारा पोरगा सरांचं बोलणं चालू असताना बुटाची लेस बांधत बसू लागला, तर मात्र खरंच काहीतरी तुटलंय. आणि ते तुटलं असेल तर हंगाम संपायची वाट बघू नका. तिथे मी कमिटीतल्या त्या चौघांच्या बाजूने.

काल सेक्रेटरीला फोन लावला. हे सगळं सांगायच्या आधी एकच विचारलं, नवा कोण? म्हणाला, ते नंतर बघू, आधी याला तर काढू. मग म्हटलं, मंगळवारी साडेसहाला तुझ्या सरावाला येतो, लांबूनच बघेन. कोचला सांगू नकोस, आणि तुमच्या मॅनेजरला म्हणावं, हजेरीची वही घेऊन ये.