मायकेल स्वॉनचं 'प्रॅक्टिकल इंग्लिश यूसेज': घ्यावं की नाही?

ऑफिसात इंग्रजी मेल लिहिताना ज्यांना दर दोन ओळींनी 'हे असं म्हणतात की तसं' हा किडा चावतो, हा रिव्ह्यू त्यांच्यासाठी. पुस्तक काही नवीन नाहीये, ऑक्सफर्डने पहिल्यांदा 1980 मध्ये काढलं आणि चौथी आवृत्ती 2016 ची आहे, पण आपल्याकडे अजूनही कुणी 'इंग्रजी सुधारायचंय, काय घेऊ' विचारलं की लोक डोळे झाकून रेन अँड मार्टिनच सांगतात, म्हणून म्हटलं लिहूया.

आधीच सांगून ठेवते, हे पहिल्या पानापासून वाचायचं पुस्तक नाहीये. अडलं की उघडायचं, शंका फिटली की मिटायचं. यात गाळलेल्या जागा भरा वगैरे काही नाही. 600 च्या वर नोंदी आहेत आणि साधारण एकेक नोंद म्हणजे एकेक शंका. नियम दोन-तीन ओळींत, खाली रोज बोलतात तशी वाक्यं, आणि सगळ्यात कामाचं म्हणजे लोक चुकून काय म्हणतात ते पण 'नॉट' असं मोठ्या अक्षरांत लिहून दिलेलं. आपलं नेहमीचं वाक्य त्या 'नॉट'च्या पुढे छापलेलं दिसलं की जे काही वाटतं ना, ते दहा क्लास लावून वाटणार नाही.

एक नमुना देते. आमच्या टीममधल्या एकाने क्लायंटला 'आय विल सेंड द रिपोर्ट टिल फ्रायडे' असं पाठवलं, तर तिकडून उलट विचारणा आली की मग शुक्रवारनंतर पाठवणं बंद करणार का! बिचाऱ्याला कळेना बिघडलं कुठे, कारण आपण 'शुक्रवारपर्यंत थांबतो' पण म्हणतो आणि 'शुक्रवारपर्यंत पाठवतो' पण म्हणतो, आपलं एकाच 'पर्यंत'वर भागतं. स्वॉन दोन ओळींत मोकळा होतो: एखादी गोष्ट त्या वेळेपर्यंत चालूच राहणार असेल तर अनटिल किंवा टिल, आणि काम त्या वेळेला किंवा त्याच्या आत उरकणार असेल तर बाय. झालं. म्हणजे थांबणार टिल फ्रायडे, रिपोर्ट पाठवणार बाय फ्रायडे.

असंच 'आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स थ्री इयर्स'चं. आपण 'तीन वर्षांपासून राहतोय' म्हणतो त्यामुळे वर्तमानकाळ आपसूक येतो, इंग्रजीत तिथे हॅव बीन लागतं, आणि किती काळ ते सांगायचं असेल तर फॉर, कधीपासून ते सांगायचं असेल तर सिन्स. 'आय विल कॉल यू व्हेन आय विल रीच' हे पण तसंच, व्हेनच्या पुढे भविष्यकाळ असला तरी तिथे विल येत नाही. 'सजेस्ट मी अ गुड हॉटेल' तर आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर रोज पडतं, ते पण त्याने पकडलंय, सजेस्टच्या पुढे लगेच 'मी' येत नाही, हॉटेल सजेस्ट करायचं 'टू मी'. हे सगळं लिहिणाऱ्याला मराठीचा गंध असायचं कारण नाही, तरी पानोपानी आपल्याकडेच बघून लिहिल्यासारखं वाटतं.

मला सगळ्यात आवडलं ते हे की माणूस हवालदारकी करत नाही. प्रत्येक ऑफिसात एक सीनियर असतातच जे वाक्याच्या शेवटी प्रिपोझिशन आलं की लाल शाई काढतात, 'एव्हरीवन' नंतर 'देअर' आलं की मान हलवतात. स्वॉन शांतपणे सांगतो की प्रिपोझिशन शेवटी येणं अगदी नॉर्मल आहे आणि एका माणसासाठी 'दे', 'देअर' वापरणं शेकडो वर्षं चालत आलंय. शाळेत घोकलेलं 'आय शॅल, यू विल' पण तो फारसं मनावर घेत नाही, आजच्या बोलण्यात आय विल सर्रास चालतं आणि अमेरिकेत शॅल क्वचितच. पाचवीपासून इंग्रजी शिकलेल्या आमच्या पिढीने त्या शॅल-विलच्या पायी किती मार्क घालवलेत ते विचारू नका.

आता ईडियम्स. आपल्याकडे ईडियम्स म्हणजे निबंधावर भुरभुरायची कोथिंबीर, जितकी जास्त तितकं इंग्रजी भारी असा समज. स्वॉनचं म्हणणं बरोबर उलटं, मुद्दाम पाठ करून ईडियम्स घुसवायच्या भानगडीत पडू नका, रोजच्या लागतात त्या वाचता-ऐकताना येतातच, बाकीच्या चुकीच्या जागी पडल्या तर विचित्र वाटतं. मला शंभर टक्के पटलं, कारण पाऊस आला की 'कॅट्स अँड डॉग्ज' म्हणणारे मला शाळेच्या पेपरबाहेर फारसे भेटलेले नाहीत.

आता कटकटी. तिसऱ्या आवृत्तीपर्यंत नोंदी सरळ ए टू झेड होत्या, डिक्शनरीसारखं उघडलं की सापडायचं. चौथीत व्याकरण विषयवार केलंय आणि एकेका शब्दाच्या शंका तेवढ्या मागे ए टू झेड ठेवल्यात, त्यामुळे दर वेळी आधी इंडेक्स बघा मग पान शोधा. शिक्षकांना बरं असेल, मला जुनंच सोयीचं वाटतं. दुसरं म्हणजे सगळा कल ब्रिटिश इंग्रजीकडे, अमेरिकन फरक दिलेत पण आपल्या भारतीय इंग्रजीवर फारसं काही नाही. 'प्रीपोन' लिहू की नको हे विचारायला ऑक्सफर्डच्याच डिक्शनरीकडे जावं लागतं, तिथे तो इंडियन इंग्लिश म्हणून दिलाय. आणि भाषा सोपी असली तरी पूर्ण इंग्रजीच, म्हणजे ज्याला वाक्यच जुळवता येत नाही त्याच्या हातात हे देऊन उपयोग शून्य. त्यांनी रेमंड मर्फीचं 'इंग्लिश ग्रामर इन यूज' घ्यावं, डावीकडच्या पानावर समजावलेलं आणि उजवीकडे सराव, रोज एक युनिट केलं तरी पुरे.

किंमत आपल्या गाईड-बुकांच्या मानाने जास्त आहे. पुण्यात असाल तर अप्पा बळवंत चौकात आधी तिसऱ्या आवृत्तीची जुनी कॉपी मिळते का बघा, कव्हर थोडं फाटकं असलं तरी चालेल, फक्त शेवटची इंडेक्सची पानं शाबूत आहेत ना ते दुकानातच उलटून बघा. फूटपाथवरच्या झेरॉक्सछाप कॉप्या मात्र अजिबात घेऊ नका, टाइप मुळातच बारीक आहे आणि त्यात 'नॉट' पुसट आला तर चुकीचं वाक्य बरोबर समजून क्लायंटला पाठवाल.