आपोआप मिटणारं फाटक की कलायला लागलेलं?

ताबा देताना फॅब्रिकेशनवाल्याने फाटक अर्धं उघडून हात सोडला. फाटक हळूहळू आलं आणि कडीला टेकलं. त्याने ते दोनदा करून दाखवलं, शेतकऱ्याने मोबाइलवर व्हिडिओ काढला आणि ‘ऑटो क्लोज’चे वेगळे ४,५०० रुपये तिथंच मोजले गेले. उक्त्या कामाचे २४,००० आधीच पोचले होते. महिना मे, रान काळं, जमिनीला हात हात भेगा. गणपतीपर्यंत त्याच फाटकाचं टोक चार इंच उतरलं, वाटेवरचा मुरूम खरवडू लागलं आणि मिटवायला दोन माणसं लागू लागली.

त्या फाटकात आपोआप मिटायची रचना कुठलीच नव्हती. खांब कललेला होता म्हणून ते मिटत होतं. शेतकऱ्याने पैसे मोजून बिघाडाची पहिली खूण विकत घेतली.

ही फसवणूक पकडायला अवघड आहे, कारण कललेलं फाटक आणि मुद्दाम तसं बसवलेलं फाटक दोन्ही एकाच तत्त्वावर मिटतात. बिजागऱ्यांच्या दोन पिनांमधून जाणारी रेघ उभी सरळ असेल तर फाटक सोडू तिथं थांबतं. ती रेघ वरच्या बाजूने कडीच्या खांबाकडे झुकली की उघडताना टोक वर चढतं, आणि सोडलं की वजनाने खाली, म्हणजे मिटलेल्या जागेकडे येतं. चांगला कारागीर खांब ओळंब्यात (दोरीला टांगलेल्या वजनाच्या रेषेत, म्हणजे अगदी उभा) ठेवतो आणि फक्त पिना पुढेमागे करतो. लबाड किंवा अडाणी कारागिराचा अख्खा खांबच झुकलेला असतो. त्या दिवशी दोन्ही फाटकं सारखीच दिसतात, व्हिडिओतही सारखीच. फरक ओळंबा सोडल्यावर कळतो, आणि ओळंबा कोणी सोडत नाही.

खांब पहिल्याच दिवशी कसा कलला? सकाळी खड्ड्यात काँक्रीट ओतलं आणि संध्याकाळी त्याच खांबाला फाटक टांगलं. ओल्या काँक्रीटमधला खांब वजनाकडे पाच फुटांत पाऊण इंच झुकला. फाटकाची खालची कड मात्र बिजागरी जागेवर वेल्ड करताना लेव्हलमध्ये घेतली, त्यामुळे डोळ्याला काही खटकलं नाही. काँक्रीट ओतल्यावर किमान सात दिवस पाणी मारायचं आणि त्यानंतरच फाटक टांगायचं. एका दिवसात काम उरकून देतो म्हणणाऱ्याला इथेच ओळखावं.

पाऊस पडल्यावर पुढचं झालं. कोटेशनात साडेतीन फूट खोल खड्डा लिहिला होता. उकरून पाहिलं तर नऊ इंच रुंद आणि दीड फूट खोल, कुंपणाच्या खांबांसाठी पाडतात तसलं गोल भोक, आणि खाली नुसती काळी माती. काळी माती भिजली की फुगते, वाळली की आकसून भेगाळते. दर मोसमात हलणाऱ्या या मातीत दीड फुटावर रोवलेला खांब टिकत नाही. खड्डा मुरूम लागेपर्यंत न्यायचा. बारा फुटी फाटकाच्या खांबाला दीड फूट बाय दीड फूट बाय साडेतीन फूट हे कमीत कमी माप धरा. १:२:४ मिश्रणात (सिमेंट, वाळू, खडी) एका खड्ड्याला साधारण दीड पोतं सिमेंट लागतं. दोन खड्ड्यांना मिळून एकच पोतं उतरलं असेल तर हिशेब तिथंच चुकलेला आहे, पुढचं काही मोजायची गरज नाही.

खांबावर किती ओढ येते हे तोंडी काढता येतं. फाटकाचं वजन गुणिले निम्मी रुंदी, भागिले दोन बिजागऱ्यांमधलं अंतर. ६५ किलोचं बारा फुटी फाटक आणि बिजागऱ्या चार फुटांवर असतील तर ६५ गुणिले ६ भागिले ४, म्हणजे जवळजवळ ९८ किलो. वरची बिजागरी तेवढ्या जोराने खांबाला ओढते आणि खालची तेवढ्याच जोराने रेटते, तेही रात्रंदिवस. या फाटकाला बिजागऱ्या अडीच फुटांवर लावल्या होत्या, कारण मधल्या आडव्या पाइपांवर वेल्ड करणं सोपं. तिथं ओढ १५६ किलोवर जाते. त्यात ३० किलोचं पोर टोकाला लोंबकळून झोका घेऊ लागलं तर चार फुटांच्या अंतरालाही आणखी ९० किलो चढतात. पोरं झोका घेणारच, ते धरूनच फाटक बनवायचं असतं.

खांब थोडासा कलला तर काय बिघडतं, असं वाटू शकतं. पाच फूट उंचीवर शेंडा एक इंच झुकला की बारा फुटांवरचं टोक जवळजवळ अडीच इंच उतरतं.

आता दोष खांबाचा की चौकटीचा, हे भांडण. फॅब्रिकेशनवाला म्हणतो जमीन खराब, शेतकरी म्हणतो फाटक खराब. निवाडा मोजपट्टी करते. १२ बाय ५ फुटी चौकटीचे दोन्ही कर्ण बरोबर १३ फूट भरले पाहिजेत. (पाच, बारा, तेरा. गवंडी गुण्याशिवाय, म्हणजे काटकोनी पट्टीशिवाय, काटकोन काढतात ते याच हिशेबाने.) दोन्ही कर्ण सारखे आणि टोक तरी उतरलेलं, तर दोष खांबाचा. कर्णांत फरक असेल तर चौकट ढिली. या मापाच्या फाटकात दोन कर्णांमध्ये एक इंचाचा फरक म्हणजे चौकटीमुळे टोक सव्वा इंचाच्या आसपास उतरलं. या फाटकात नेमका तेवढाच फरक निघाला. म्हणजे चार इंचांपैकी सव्वा इंच चौकटीने दिला आणि पावणेतीन खांबाने. ओळंबा सोडला तेव्हा खांब पाच फुटांत जवळजवळ दोन इंच झुकलेला होता. पहिल्या दिवसाचा पाऊण इंच धरून हिशेब जुळतो.

चौकट का ढिली झाली ते लांबूनच दिसत होतं. तिरपी पट्टी धनुष्यासारखी बाहेर फुगली होती. एक इंची, ३ मिलीमीटर जाडीची पट्टी खालच्या बिजागरीच्या कोपऱ्यातून वरच्या मोकळ्या कोपऱ्याकडे नेली होती. या दिशेच्या तिरप्यावर दाब येतो. दाबाला पाइप टिकतो, पट्टी वाकते. पट्टी किंवा सळई लावायची तर उलट दिशेने: वरच्या बिजागरीच्या कोपऱ्यातून खालच्या मोकळ्या कोपऱ्याकडे. तिथं ती ताणली जाते आणि ताणाला पट्टी पक्की असते. पूर्ण पाइपचा तिरपा दोन्ही दिशांना चालतो, मात्र तो कोपऱ्यात भिडला पाहिजे आणि चारी बाजूंनी वेल्ड झाला पाहिजे. कोपऱ्यापासून सहा इंच अलीकडे, आडव्या पाइपच्या पोटात टेकवलेला तिरपा त्या पाइपलाच वाकवतो.

पाइपच्या जाडीची फसवणूक जुनी आहे, पण अजून चालते, कारण गेजचा आकडा उलटा धावतो. १४ गेज म्हणजे साधारण २ मिलीमीटर, १६ म्हणजे १.६ आणि १८ म्हणजे १.२. ‘१४ सांगितलं होतं, तुम्हाला १८ लावून दिलं’ हे ऐकून खूश झालेले लोक आहेत. कोटेशनात गेज लिहूच देऊ नका, मिलीमीटर लिहून घ्या आणि माल उतरला की वजनकाट्यावर घाला. दोन इंची चौकोनी पाइपची वीस फुटी लांबी २ मिलीमीटरला १८ किलोच्या वर भरते, १.६ ला १५ च्या जवळ आणि १.२ ला ११ च्या आसपास. फाटक तयार झाल्यावर टोकं झाकलेली असतात, मग जाडी दिसत नाही. म्हणून कापलेले तुकडे मागून घ्या. ते द्यायला जो टाळाटाळ करतो, त्याचं कारण त्या तुकड्यांतच असतं.

खांबाच्या गोल पाइपचंही तसंच. चार इंची पाइप ए, बी आणि सी क्लासमध्ये मिळतो. बाहेरचा व्यास तिन्हींचा ११४.३ मिलीमीटर, त्यामुळे डोळ्याला फरक कळत नाही. बी क्लासची जाडी ४.५ मिलीमीटर आणि वजन मीटरला १२ किलोच्या थोडं वर. ए क्लासची जाडी ३.६ आणि वजन दहाच्या आत. कारखान्यातून ए वर पिवळा पट्टा येतो, बी वर निळा, सी वर लाल. इथं पाइप दुकानातूनच रेड ऑक्साइड (लाल अस्तर रंग) मारून, म्हणजे पट्टा झाकूनच, आणला होता. शेतावर यायच्या आधीच रंगवलेला पाइप घेऊ नये.

किलोवर भाव ठरला तर डाव उलटा खेळला जातो. मग वजन वाढवायचं असतं: खालच्या निम्म्या भागाला जाड पत्रा, वर भाल्यांची रांग, मोकळ्या टोकाला जडशीळ कडी. टोकाकडचा प्रत्येक किलो बिजागरीजवळच्या किलोच्या कितीतरी पट ओढ देतो. म्हणजे जास्त पैसे देऊन फाटक लवकर पाडायची सोय. शोभा पाहिजे असेल तर ती खांबांवर करा.

वेल्डिंगकडेही पाहा. दोन दोन टाके मारून मधल्या फटी लांबी (पुट्टी) भरून घासलेल्या असतात, वर रंग. खिशात लहान लोहचुंबक ठेवा. लोखंडावर तो खटकन बसतो, लांबीवर घसरतो किंवा धरतच नाही. या फाटकाच्या वरच्या बिजागरीपाशी तो सुटून खाली पडला.

तक्रार केल्यावर आलेला उपाय म्हणजे चाक. १,८०० रुपयांत टोकाखाली चाक बसवून दिलं. चाकाने टोक उचललं जातं, खांब कललेलाच राहतो. काळ्या रानात चाक पहिल्या चिखलात रुततं, आणि मिटताना फाटक ज्या वजनाने खाली यायचं ते आता चाकावर बसलेलं, म्हणजे ‘ऑटो’ संपलं. सिमेंटच्या सपाट अंगणात चाक ठीक आहे, रानात नाही.

मग खरं आपोआप मिटणारं फाटक कसं बसवायचं? खांब ओळंब्यात, दोन्ही दिशांना. बिजागऱ्या चार फूट अंतरावर. खालच्या पिनेपेक्षा वरची पिन कडीच्या खांबाकडे एक इंच पुढे घ्यायची आणि फाटकावरचा वरचा आट्याचा (नट फिरवून मागेपुढे करता येणारा) बोल्ट तेवढाच आत घ्यायचा, म्हणजे मिटलेलं फाटक लेव्हलमध्ये राहतं. एवढ्याने काटकोनात उघडलेल्या फाटकाचं टोक तीन इंच वर चढतं, आणि टोकाला साधारण ७०० ग्रॅमचा परतीचा जोर मिळतो. पण मिटण्याच्या जागेजवळ हा जोर शून्यावर येतो, आणि फाटक कडीपासून चार बोटं अलीकडे थांबतं. यावर इलाज म्हणजे वरची पिन उघडण्याच्या विरुद्ध बाजूला अर्धा इंच सरकवायची. फाटक आत उघडत असेल तर रस्त्याकडे. आता फाटकाची विसाव्याची जागा मिटलेल्या रेषेच्या पलीकडे जाते, आणि मिटलेलं असतानाही ते अडणीवर (मिटताना फाटक जिथं अडतं त्या अटकावावर) दाबून राहतं. बरेच चांगले कारागीरसुद्धा हा अर्धा इंच विसरतात.

बिजागरी म्हणजे २० मिलीमीटरचा आट्याचा बोल्ट, खांबातून आरपार, दोन्ही बाजूंनी नट. जागेवर वेल्ड केलेली बुलेट बिजागरी नंतर पाव इंचही हलवता येत नाही. फाटकाच्या पाइपवर बोल्ट बसतो तिथं ६ मिलीमीटरची प्लेट हवी, नाहीतर २ मिलीमीटरचा पाइप फाटतो. वरची पिन तोंड खाली करून बसवा, म्हणजे रात्री कोणी फाटक उचलून नेणार नाही. खालच्या पिनेवर बेअरिंगची एक गोळी आणि वर्षातून दोनदा ग्रीस. ७०० ग्रॅमचा जोर गंजलेली पिन सहज खाऊन टाकते. घराच्या दाराच्या स्प्रिंगच्या बिजागऱ्या रानातल्या बारा फुटी फाटकाला कोणी लावत असेल तर ते पैसे पाण्यात.

कडीच्या खांबावर एक उताराचा टेकू वेल्ड करून घ्या. मिटताना टोक त्यावर चढून बसतं आणि दिवसातले बहुतेक तास खांबावरचा भार हलका होतो. रान अगदीच काळं, मुरूम खोल असेल तर दोन खड्ड्यांच्या मध्ये जमिनीखाली नऊ बाय नऊ इंचांचा काँक्रीटचा उंबरा ओता, आत दहा मिलीमीटरच्या चार सळया. बिजागरीचा खांब कडीकडे झुकायला बघतो तेव्हा हा उंबरा त्याला अडवतो. वरून ट्रॅक्टर-ट्रॉली जाणार, म्हणून त्याची वरची बाजू जमिनीपासून सहा इंच खाली ठेवा.

पैशांचं असं. पक्कं बिल, त्यावर पाइपची जाडी, खांबाचा क्लास, खड्ड्याचं माप. काँक्रीट ओतण्याआधी खड्ड्यात मोजपट्टी उभी धरून फोटो. वीस टक्के रक्कम पावसाळा संपल्यावर, हे आधीच लिहून. फसलात तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. तिथं भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग: तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत, आणि मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. इथल्या शेतकऱ्याकडे कच्ची चिठ्ठी होती, त्यावर ‘फाटक ऑटो’ एवढंच लिहिलेलं, आणि जोडीला तो व्हिडिओ, ज्यात फाटक झकास मिटतं.

नव्याने बसवून घ्याल तेव्हा फाटक टांगल्याच्या दुसऱ्या दिवशी खांबाच्या शेंड्यापासून ओळंबा सोडा आणि त्याचं टोक जिथं येईल तिथं काँक्रीटवर छिन्नीने फुली कोरा. दिवाळीत पुन्हा सोडा. शेवटचा हप्ता द्यायचा की नाही ते त्या फुलीवर ठरवा.