५५० ग्रॅमचा ज्युदोगी : रोज मॅटवर जाणाऱ्यांसाठी

पहिला गी, म्हणजे ज्युदोचा पोशाख, घेताना बहुतेक जण दोनपैकी एक चूक करतात. एक तर क्लासमधून मिळणारा ३५० ग्रॅमचा पातळ गी वर्षानुवर्षं ओढत नेतात, नाहीतर हौसेने थेट स्पर्धेतला ७५० ग्रॅमचा उचलतात. (हे ग्रॅम एक चौरस मीटर कापडाच्या वजनाचे असतात, अख्ख्या गीच्या नव्हे. दुकानातसुद्धा यात गल्लत होते.) पिवळ्या पट्ट्यावर न थांबता तपकिरी, काळ्यापर्यंत जायचं असेल तर सरावाला मधला, ५०० ते ५५० ग्रॅमचा गी घ्या. सर्वांत मोठं कारण म्हणजे तो वाळतो.

आठवड्यातून तीन दिवस क्लास असतो असं धरा. जुलैत मुंबईत किंवा कोकणात सोमवारी रात्री धुतलेला ७५० ग्रॅमचा गी बुधवारी संध्याकाळीही काखेत आणि गळपट्टीत दमटच लागतो. मग तो तसाच घालायचा, म्हणजे कुबट वास आणि नायट्याला आमंत्रण, नाहीतर घरी बसायचं. सराव एकदम सुटत नाही, तो अशा एकेका बुधवारने सुटत जातो. ५५० ग्रॅमचा गी पंख्याखाली साधारण एका दिवसात अंगात घालण्यासारखा होतो. दोन असतील तर पावसाळ्याची काळजीच नको.

दुकानात तो उलटा करून बघा, कारण खरी पारख आतून होते. सेओई-नागेसारखी, खांद्यावरून टाकण्याची फेक मारताना समोरचा बाही धरून जीव खाऊन ओढतो. तो सगळा ताण काखेच्या शिवणीवर येतो, आणि पातळ गी पहिल्यांदा तिथेच उसवतो. तिथे तिकोनी ठिगळ हवं आणि त्याला निदान दुहेरी टीप हवी. दुसरी नाजूक जागा म्हणजे कमरेखाली दोन्ही बाजूंना चीर असते तिचं वरचं टोक. तिथे आडवी घट्ट टीप नसेल तर चीर वर सरकत जाते. वरच्या भागाची वीण तांदळाच्या दाण्यासारखी उठावदार असते, पट्ट्याखाली चौकड्यांची पातळ वीण असते. हे बरोबरच आहे, काटकसर समजू नका.

गळपट्टी चिमटीत धरून वाकवा. आत कापडाचे थर असतील तर ती कडक असूनही वळते. काही गींमध्ये रबरासारखी पट्टी भरलेली असते. ती सुरुवातीला छान ताठ वाटते, पण घाम धरून ठेवते आणि धुतल्यावरही वास सोडत नाही. असा गी घेऊ नये. चोळण्याला गुडघ्यावर मांडीच्या मध्यापासून नडगीपर्यंत दुहेरी कापड हवं आणि कमरेला नाडी हवी. इलास्टिक लहान मुलांपुरतं ठीक आहे.

माप निवडताना आटणं विसरू नका. शुद्ध सुती गी पहिल्या तीन-चार धुण्यांत चांगलाच आटतो, आणि फरक आधी बाहीत दिसतो. न धुतलेल्या गीची बाही, हात समोर सरळ धरल्यावर, मनगटाच्या हाडाच्या पुढे तीन-चार सेंटिमीटर यायलाच हवी. पॉलिस्टर मिसळलेला गी कमी आटतो, लवकर वाळतो, पण मान घासतो आणि उकाड्यात नकोसा होतो. आमची पसंती सुतीलाच.

आता उणी बाजू. वर्ष-दीड वर्षाच्या नियमित रांदोरीनंतर (जोडीदाराबरोबर मोकळ्या लढतीचा सराव) ५५० ग्रॅमची गळपट्टी मऊ पडते आणि समोरच्याला पकड सोपी जाते. शिवाय आंतरराष्ट्रीय नियमांत बसायला कापड ६५० ते ७५० ग्रॅमचं लागतं, बाही मनगटापर्यंत आणि बाहीत हाताभोवती १० ते १५ सेंटिमीटर मोकळी जागा लागते. त्यामुळे स्पर्धा खेळणाऱ्याला दुसरा, जाड गी घ्यावाच लागेल. तो फक्त स्पर्धेच्या दिवशी काढू नका. आधीचा महिनाभर आठवड्यातून एकदा तरी त्यात रांदोरी करा, कारण त्याच्या वजनाने खांदे लवकर भरून येतात.

धुणं सोपं आहे, पण रोजचं. क्लासवरून आल्याबरोबर गी पिशवीतून काढा, रात्रभर बोळा करून ठेवला की कुबट वास लागलाच. थंड पाण्यात, उलटा करून, नेहमीच्या पावडरीत धुवा. वास राहिला तर शेवटच्या पाण्यात अर्धी वाटी पांढरा व्हिनेगर. ब्लीच अजिबात नको, सूत कमजोर होतं आणि पुढच्याच पकडीत फाटतं. मशीनमध्ये एका वेळी एकच गी टाका. वाळत घालताना बाह्यांतून बांबू घाला. तारेच्या हँगरवर ओल्या वजनाने खांदे उतरतात आणि गंजाचे डाग पडतात. निळा गी पहिले काही दिवस वेगळाच धुवा.

काखेची टीप उसवू लागली तर त्याच आठवड्यात शिवून घ्या. साध्या शिलाई मशीनची सुई या कापडात मोडते, म्हणून बॅगा किंवा चपला शिवणाऱ्याकडे न्या. जाड नायलॉन दोरा वापरायला सांगा, आणि ठिगळाला जुन्या गीचं कापड सोबत न्या. नवं कापड आटेल, जुनं आटणार नाही.