ऑब्सिडियन: घरच्या भानगडींसाठी वापरलेलं नोट्स ॲप

आधीच सांगते, हा रिव्ह्यू पीएचडीवाल्यांसाठी नाही. यूट्यूबवर ऑब्सिडियनचे व्हिडिओ बघितले तर जो तो 'सेकंड ब्रेन', म्हणजे डोक्यातलं सगळं साठवायचं दुसरं डोकं, बांधत बसलेला असतो, मला असलेला ब्रेन पुरे आहे, मला फक्त महावितरणचा बारा आकडी ग्राहक क्रमांक, सासूबाईंच्या गोळ्या, टँकरवाल्याचा नंबर आणि गॅसची नळी शेवटची कधी बदलली एवढं एका जागी पाहिजे होतं. आमचं घर पुण्यात कोथरूडला, आईचं सिंहगड रोडला, म्हणजे कागदपत्रं दोन घरांची आणि शोधणारी एकटी मी.

ॲप २०२० मध्ये आलं, कॅनडातल्या दोघांनी बनवलेलं. फुकट आहे, आधी ऑफिसच्या कामासाठी लायसन्स घ्यावं लागायचं, फेब्रुवारी २०२५ पासून तेही कंपल्सरी नाही. पण मला पटलं ते वेगळ्याच कारणासाठी. तुम्ही लिहिलेली प्रत्येक नोट म्हणजे तुमच्याच कॉम्प्युटरवरची एक साधी टेक्स्ट फाइल असते, उद्या ॲप बंद पडलं तरी नोटपॅडमध्ये उघडते. एव्हरनोट या दुसऱ्या नोट्स ॲपने २०२३ च्या शेवटी फुकटवाल्यांना ५० नोटांवर आणून ठेवलं होतं ते आठवत असेल, ५० नोटा तर आमच्याकडे नुसत्या मेडिक्लेमच्या भानगडीत होतील.

वापरायची माझी पद्धत अशी की फोल्डरच्या नादी लागायचं नाही, एका वस्तूची एक नोट. पाण्याचा फिल्टर, गीझर, स्कूटर, मिळकतकर, टँकर, आईची शुगर, प्रत्येकाची वेगळी. आणि रोजची जी डेली नोट असते तिच्यात जे घडलं ते एका ओळीत टाकायचं, उदाहरणार्थ 'फिल्टरवाला आला, मेम्ब्रेन बदललं, पावती पिवळ्या फाइलमध्ये', आणि त्यातला फिल्टर हा शब्द दुहेरी चौकोनी कंसात टाकला की त्याची लिंक होते. मग फिल्टरची नोट उघडून खाली बॅकलिंक, म्हणजे त्याची लिंक जिथे जिथे आहे त्या नोटांची यादी, बघितली की तो आजवर कधी कधी आला, काय काय बदललं, सगळं ओळीने दिसतं. याचा फायदा परवाच झाला. सर्व्हिसवाला (कंपनीचं नाव नको) स्क्रू काढायच्या आधीच म्हणाला, "ताई, मेम्ब्रेन गेलंय, बदलावं लागेल." मी फोनवर नोट उघडून त्याच्यापुढे धरली, गणपतीच्या आधीच नवीन बसवलंय म्हटलं, तारीख बघा, आणि बसवणाऱ्याचं नावही बघा. नाव त्याचंच होतं. मग म्हणे पाण्याचा टीडीएस (त्यात विरघळलेले क्षार किती ते) चेक करून सांगतो, केला, आणि मेम्ब्रेन एकदम ठणठणीत निघालं.

दुसरी कामाची गोष्ट म्हणजे प्रॉपर्टीज. प्रत्येक नोटेच्या वर तुम्हाला हवे ते रकाने टाकता येतात, मी 'मुदत' नावाचा तारखेचा एकच रकाना ठेवलाय. स्कूटरची पीयूसी, गाडीचा इन्शुरन्स, गॅसची नळी (ती पाच वर्षांनी बदलायची असते, हे माहीतच नसलेले निम्मे लोक आमच्या बिल्डिंगमध्ये सापडतील), आईची एफडी, सगळ्यांना मुदत लावलीये. २०२५ मध्ये बेसेस नावाचं फीचर आलं, त्यात या सगळ्या नोटांचं टेबल होतं आणि तारखेने सॉर्ट केलं की जवळ आलेलं सगळ्यात वर. मिळकतकराच्या नोटेत प्रॉपर्टी आयडी, भरल्याची पावती आणि स्वतः राहत्या घराच्या ४० टक्के सवलतीसाठी महापालिकेचा पीटी-३ फॉर्म कधी दिला त्याची पोच, असं तिन्ही आहे, त्यामुळे शेजारच्या काकांनी जिन्यात अडवून विचारलं तरी मी तिथेच उभ्या उभ्या सांगू शकते.

आता मराठीत लिहिणाऱ्यांसाठी. नोटेचं नाव, टॅग, लिंक, सगळं देवनागरीत व्यवस्थित चालतं. फक्त नोटेचं नाव म्हणजेच फाइलचं नाव असल्यामुळे त्यात स्लॅश आणि कोलन चालत नाही. गावच्या जमिनीची नोट करायला घेतली आणि ७/१२ लिहिलं की हे नाव चालणार नाही म्हणून लाल अक्षरात ओरडतं, आमच्याकडे अख्खा महसूल विभाग त्या स्लॅशवर चाललाय हे त्यांना कोण सांगणार. मग 'सातबारा' असं अक्षरी लिहायचं. सर्चचं पण एक बघून ठेवा, तो अक्षराला अक्षर जुळवतो, किंमत एकदा अनुस्वार देऊन आणि एकदा न देता लिहिलीत तर एक सापडेल, दुसरी नाही. आकड्यांचं तसंच, मराठीत लिहिलेला नंबर इंग्रजी आकडे टाकून मिळत नाही, म्हणून फोन नंबर आणि ग्राहक क्रमांक मी सरसकट इंग्रजी आकड्यांत ठेवते.

कमी काय आहे ते पण सांगते. रिमाइंडर नाही, टेबलमध्ये तारीख सगळ्यात वर आली तरी फोन टुण्ण करत नाही, ते काम मी कॅलेंडरवर टाकलंय. फोटोतलं अक्षर वाचत नाही, म्हणजे बिलाचा फोटो चिकटवला तरी त्यातली रक्कम सर्चला सापडणार नाही, खाली हाताने एक ओळ लिहावीच लागते. आणि घरातल्यांबरोबर एकाच वेळी एकाच यादीवर काम करायचं असेल तर सरळ गुगल कीप वापरा. किराण्याची यादी आमची अजून कीपवरच आहे, नवरा दुकानात एकेक टिक करतो ते मला घरी बसून दिसतं, आणि पोहे जाड घेतले का पातळ हे विचारायला फोन करता येतो. पटकन काही टिपायलाही कीपच बरं, ऑब्सिडियन फोनवर उघडायला जरा वेळ घेतं, आणि गुरुवारी पाणी बंद असताना सगळी सोसायटी एकदम टँकरवाल्यामागे लागते तेव्हा तो जरासा वेळही फार वाटतो. मी टँकरच्या नोटेचा बुकमार्क करून ठेवलाय, त्यात नंबर, रेट आणि कोण सांगितलेल्या वेळेला खरंच येतो ते.

सिंक, म्हणजे फोन आणि कॉम्प्युटरवर त्याच नोटा ठेवणं, हा खरा डोक्याला ताप. त्यांचं स्वतःचं सिंक वर्षाचे पैसे एकदम भरले तर महिन्याला ४ डॉलर पडतं, म्हणजे साडेतीनशेच्या आसपास, डेटा एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड (म्हणजे मधल्या कोणाला वाचता येत नाही असा) असतो पण जागा १ जीबी आणि एक फाइल ५ एमबीच्या वर चालत नाही, हल्लीच्या फोनचे फोटो कधी कधी त्याच्या वर जातात. आयफोनवाल्यांचं आयक्लाउडवर भागतं. अँड्रॉइडवर गुगल ड्राइव्ह थेट जोडता येत नाही, मधे अजून एक ॲप लागतं. एका उपकरणावरून दुसऱ्यावर थेट फाइल जुळवणारं सिंकथिंग फुकट आहे पण त्याचं मूळ अँड्रॉइड ॲप डिसेंबर २०२४ मध्ये बंद झालं, आता लोक त्याचा फोर्क, म्हणजे त्याच कोडवरून दुसऱ्यांनी बनवलेली आवृत्ती, वापरतात. ज्यांना फोर्क हा शब्द वाचून टेन्शन आलं त्यांनी साडेतीनशे भरावेत.

प्लगिन (ॲपला वरून जोडायच्या जादा सोयी) हजारोंनी आहेत, त्यांच्या वाट्याला जाऊ नका, निदान सुरुवातीला तरी. ग्राफ नावाचा, नोटा आणि त्यांच्या लिंक दाखवणारा तो ठिपक्यांचा पसारा दिसायला झकास आहे, उपयोग शून्य.

आणि पासवर्ड, एटीएमचा पिन वगैरे यात अजिबात लिहू नका, साध्या टेक्स्ट फाइल आहेत, कॉम्प्युटर ज्याच्या हातात त्याला सगळं वाचता येतं. आधार, लायसन्स डिजिलॉकरमध्ये आहेतच, माझ्या नोटेत फक्त मूळ कागद कुठल्या कपाटात कुठल्या कप्प्यात आहे तेवढं लिहिलंय.