दिसायला देखणा, पण साबण काही सोडत नाही

दिवाळीसाठी घरीच उटण्याचे साबण करायचे म्हणून नाशिकला मेन रोडवरच्या एका दुकानातून (नाव नाही लिहीत) कडक प्लॅस्टिकचा सहा खणांचा साचा घेतला, २८० रुपये, कमळाचं डिझाइन इतकं सुबक की हातातून ठेववेना. दुकानदार म्हणाला, ताई उलटा केला की पडतो. नाही पडत दादा.

मी मेल्ट अँड पोअर (तयार साबण वितळवून साच्यात ओतणं) नाही करत, खोबरेल, ऑलिव्ह, एरंडेल आणि कॉस्टिक सोडा घालून कोल्ड प्रोसेस, म्हणजे न शिजवता साबण करते. २४ तासांनी उलटा करून आपटला, ढिम्म. लाटण्याने ठोकला तर दोन साबण निघाले पण अर्धी कमळं साच्यातच राहिली. सिलिकॉन कसं बाजूने सोलून घेता येतं तसं ह्यात होत नाही, हा वाकतच नाही, त्यामुळे आत हवा शिरत नाही आणि साबण चिकटून बसतो. त्यात माझ्या मिश्रणात ऑलिव्ह जास्त, म्हणजे साबण दोनतीन दिवस मऊच राहणार, ही चूक माझी.

बरं तेल लावावं तर मोदकाच्या साच्याला तूप लावतो तसं मी खोबरेल लावलेलं, पण ते कॉस्टिकबरोबर स्वतःच साबण होऊन बसतं, उपयोग शून्य. मेडिकलमधून लिक्विड पॅराफिन आणा, त्याचा साबण होत नाही, पुढच्या घाण्याला तेच पातळ पुसलं.

उरलेले चार सासूबाईंनी सोडवले. म्हणाल्या, अगं कुल्फी कशी काढतेस? मग तीन तास फ्रीजरमध्ये ठेवला, बाहेर काढून दोन मिनिटं थांबले, खणाची भिंत अंगठ्याने हलकेच दाबली तर कडेला केसाएवढी फट दिसली आणि तळावर अंगठा दाबल्यावर टक्क आवाज होऊन साबण फडक्यावर, कमळाची पाकळीन् पाकळी शाबूत!! वर दव धरतं, तेव्हा बोट लावू नका, ठसे उमटतात, पंख्याखाली आपोआप वाळतं. आणि ग्लोव्हज घाला, ताजा साबण हाताला झोंबतो, वापरायला चारसहा आठवडे थांबायचंच.

पुढच्या घाण्याला अर्धा किलो तेलामागे एक चमचा मीठ कॉस्टिकच्या पाण्यात विरघळवलं, साबण लवकर कडक झाला, पण फ्रीजर तरी लागलाच.

पाचपैकी तीन स्टार, ते पण कमळासाठी. कॉस्टिकवाल्यांनी सरळ सिलिकॉनचा घ्या, नाहीतर साधा चौकोनी साचा आणि आत बटर पेपर. आणि फ्रीजरमध्ये ठेवणार असाल तर वर मोठ्या अक्षरात साबण लिहून ठेवा, आमचं पोरगं बर्फी समजून हात घालणारच होतं.