औसा रोडवरचं अलाइनमेंटचं दुकान: मशीनच्या आधी टायरवर हात फिरवणारे मिस्त्री

लातुरात थ्रीडी अलाइनमेंटचं, म्हणजे गाडीच्या चाकांची दिशा आणि तिरकेपणा मोजून नीट करायचं मशीन आता बऱ्याच दुकानांत आलंय. चाकांना पाट्या लावायच्या, गाडी जरा मागंपुढं ढकलायची, स्क्रीनवर आकडे बघायचे. हे सगळीकडं सारखंच. औसा रोडवरच्या या दुकानाचं मोठेपण मशीन सुरू होण्याआधीच्या अर्ध्या तासात आहे.

माझी गाडी छोटी हॅचबॅक. रोजचा रस्ता लातूर ते निलंगा तालुक्यातली माझी शाळा. उसाचा हंगाम लागला की ट्रॉल्यांना साइड देताना डावं चाक डांबराखाली उतरतंच. त्यात आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते; डांबराची कड कुठं खचली असेल याचा नेम नाही. पुढचा डावा टायर आतल्या बाजूनं खात होता. समोरून नक्षी नव्यासारखी, पण स्टिअरिंग पूर्ण वळवून वाकून पाहिलं की आतली कड गुळगुळीत. दुसरीकडं एका ठिकाणी अलाइनमेंट करून घेतली होती. कागदावर सगळे आकडे हिरवे, म्हणजे मर्यादेत, आले आणि टायर पुन्हा तिथंच झिजायला लागला.

इथल्या मिस्त्रींनी गाडी रॅम्पवर घेण्याआधी विचारलं, "ताई, गाडी कुणीकडं ओढलाली? सरळ जाताना, का ब्रेक मारल्यावर?" ब्रेक मारल्यावर, डावीकडं. मग त्यांनी टायरवर आडवा तळहात फिरवला, आधी आतून बाहेर, मग बाहेरून आत, आणि मलाही फिरवायला लावला. एका दिशेनं हात सरकतो, उलट्या दिशेनं नक्षीच्या कडा करवतीच्या दात्यांसारख्या टोचतात. हे टोचणं म्हणजे ‘टो’ बिघडल्याची खूण, म्हणजे चाकं वरून पाहिल्यावर एकमेकांना समांतर नाहीत. बाकीच्या खुणाही त्यांनी तिथं पडलेल्या जुन्या टायरांवर दाखवल्या. दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी ठेवलेली, फक्त मधला पट्टा झिजला तर हवा जास्त. एकच कड झिजली पण हाताला टोचत नसेल तर संशय कॅम्बरवर, म्हणजे चाकाच्या तिरकेपणावर. जागोजागी खळगे पडले असतील तर शॉकअप किंवा बॅलन्सिंग, म्हणजे चाकाचं वजन सगळीकडं सारखं आहे का ते, बघायचं. मी विज्ञान शिकवते. इतकं नेटकं प्रात्यक्षिक मला वर्गात रोज जमावं असं वाटलं.

मग जॅक लावून चाक आधी वर-खाली धरून हलवलं, बॉल जॉइंट आणि बेअरिंगसाठी. मग डावी-उजवीकडं धरून, टाय रॉड एंडसाठी. कुठंच ढिलाई नाही. शेवटी टॉमी, म्हणजे लोखंडी पहार, घालून लोअर आर्म, म्हणजे चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा खालचा दांडा, रेटला तेव्हा त्याच्या मागच्या सांध्यातल्या बुशचं फाटलेलं रबर उघडं पडलं. उभ्या गाडीत आर्म जागेवर बसतो, म्हणून मशीनवर आकडे बरोबर येतात. ब्रेक लागला की तोच आर्म सरकतो, चाकाची दिशा बदलते आणि टायर रस्त्यावर घासत जातो. कागद हिरवा आणि टायर झिजलेला, या कोड्याचं उत्तर तिथं होतं. "आधी बुश टाका, मग मशीन. आज अलाइनमेंट केली तर तुमचे पैसे पाण्यात," असं म्हणून त्यांनी मला शेजारच्या गॅरेजकडं पाठवलं. त्या वेळचा एक रुपयाही घेतला नाही.

बुश बदलून परत आले तेव्हा खरी अलाइनमेंट झाली. माझ्या गाडीत कंपनीनं पुढं फक्त ‘टो’ची सेटिंग दिली आहे. कॅम्बर मर्यादेत होता, तो स्क्रीनवर दाखवला आणि बिलात लावला नाही. जॅकनं रेटून कॅम्बर वाकवून देणारी दुकानं आहेत. ते काम मला पटत नाही. बॅलन्सिंगआधीही विचारणा झाली: ऐंशीच्या पुढं स्टिअरिंग थरथरतं का? नाही म्हटल्यावर तो विषयच संपला. टायरात नायट्रोजन भरायचा आग्रहही नाही. साध्या हवेत मुळातच ७८ टक्के नायट्रोजन असतो, तेव्हा दर पंधरवड्याला दाब तपासला तरी पुष्कळ. फक्त तपासायचा तो सकाळी, टायर थंड असताना. लातूरच्या दुपारी गाडी चालवून आल्यावर दाब चढलेला दिसतो, आणि तो बघून हवा सोडली की दुसऱ्या दिवशी टायर कमी हवेवर धावतो.

आता उणिवा. बसायला जागा म्हणजे पत्र्याखालचा एक बाकडा, पंखा नाही. बाईमाणसानं एकटीनं तासभर थांबायचं तर स्वच्छतागृहाची सोय हवीच, ती नाही. रॅम्प एकच, त्यामुळं लग्नसराईत नंबर लागतो. आधीचे आणि नंतरचे आकडे असलेला कागद मागितल्याशिवाय देत नाहीत. तो मागून घ्याच, त्यावर किलोमीटर लिहून ठेवा. अलाइनमेंटचे चारशे रुपये लागले.

जाताना डिकी रिकामी करून जा, आणि निघायच्या आधी मिस्त्रींना शेजारी बसवून सपाट रस्त्यावर एक चक्कर मारा. आपले रस्ते कडेला उतरते असतात, तिथं चांगली गाडीसुद्धा किंचित डावीकडं झुकते. सरळ चालताना स्टिअरिंग मधोमध दिसलं नाही तर ते पुन्हा रॅम्पवर घेतात, वेगळे पैसे न लावता.